थेंबबाईंच्या बीकरमध्ये फसफस आली नाही

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. कारण आत्याने मला स्पष्ट बजावलंय, "माझ्यावर एक ओळ जरी लिहिलीस ना, तर जेवायला वाढणार नाही." आता दिलासा एवढाच, की सध्या तिला वाचता येत नाही. हे वाक्यही पुसणार होते, पण राहू दे. यावर सगळ्यात मोठ्याने तीच हसली असती.

तर माझी आत्या. कॉलेज तिच्या घरापासून जवळ म्हणून मी तिच्याकडे राहते. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. आम्लं, आम्लारी, क्षार, कोणती अभिक्रिया भरभर होते, कोणती रखडते, हे सगळं. मुलांनी तिचं नाव ठेवलं होतं थेंबबाई. टायट्रेशन करताना, म्हणजे खालच्या ॲसिडमध्ये वरच्या नळीतून सोडा सोडताना, तिचं एकच पालुपद असायचं, "थेंब! धार नाही, थेंब!" वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती हेच ओरडत फिरायची. आणि गंमत बघा, स्वतः ती आयुष्यात कधी थेंबाथेंबाने वागली नाही. पायाला भिंगरी. चहा उभ्याने, बोलणं धावत, जिना दोन-दोन पायऱ्या गाळून. मी तिच्यावरच गेलेय असं बाबा म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत.

टायट्रेशनमध्ये शेवटी एक गुलाबी रंग येतो. ॲसिड संपलं, आता पुरे, असं सांगणारा. आत्या म्हणायची, "गडद गुलाबी आला म्हणजे तुम्ही वाट चुकून पुढच्या गावाला गेलात. रंग इतका फिकट हवा, की आहे का नाही अशी शंका यावी. शंका आली, की नळी बंद." मी लहान असताना तिने मला हे स्वयंपाकघरात दाखवलं होतं. ओट्यावर पांढरी बशी, तिच्यावर ग्लास, आणि आम्ही दोघी त्यात डोकं घालून. आला का? आला का? आणि मग एकदम, आला!

मागच्या वर्षापासून तिने टायट्रेशन घेणं कमी केलं. आधी माझ्या लक्षातच आलं नाही. माझ्या काय लक्षात येतं म्हणा. तिने सगळे प्रयोग आवाजाचे करून टाकले होते. संगमरवराचे तुकडे घ्यायचे, त्यावर ॲसिड ओतायचं, गॅस सुटतो, फसफस होते. अख्खे तुकडे हळू फसफसतात, त्याच दगडाचा चुरा केला तर एकदम उसळतो. कोमट ॲसिड घेतलं तर आणखी जोरात. "कान लावा," ती म्हणायची, "अभिक्रियेचा वेग डोळ्यांनी नाही, कानांनी मोजायचा." मुलं खूश. मोठ्या बाईंनी, म्हणजे तिच्या मुख्याध्यापिकेने, तर मीटिंगमध्ये कौतुक केलं, काय नवीन पद्धत काढलीत म्हणून.

आणि घरात रबरबँड दिसायला लागले. मिठाच्या बरणीला एक, साखरेच्या बरणीला दोन. शाम्पूला एक, तेलाला काहीच नाही. मी विचारलं, "हे काय गं नवीन?"

"झाकणं सैल झालीत."

"शाम्पूचं पण?"

"तुला परीक्षा नाहीये का कुठली?"

झालं. विषय संपला. मी पण लगेच मोबाईलमध्ये.

त्या दिवशी ती चष्मा घरी विसरून शाळेत गेली. मला पहिला तास नव्हता, म्हटलं देऊन येऊ, म्हणून पळत गेले. लॅब तळमजल्यावर, मागच्या दाराने थेट आत जाता येतं. मी दारातून हळूच हाक मारली, "आत्या, चष्मा!" तर ती वळून म्हणाली, "ठेव तिथे, काही फरक पडत नाही." इतक्या सहज म्हणाली! आणि मी तशीच उभी राहिले. काही फरक पडत नाही म्हणजे? चष्म्याने फरक पडत नाही म्हणजे काय?

वर्ग भरलेला होता. टेबलावर दोन बीकर, एकात दगडाचे तुकडे, एकात चुरा. तिच्या मागे फळीवर बाटल्यांची रांग. आत्या म्हणाली, "सगळ्यांनी डोळे मिटा. जो उघडेल त्याला बाहेर काढीन. फक्त ऐकायचं, आणि मला सांगायचं, कोणतं बीकर जास्त घाईत आहे."

"बाई, तुमच्यापेक्षा घाईत कोण असणार?" मागून कोणीतरी.

"डोळे मीट, आगाऊ!"

सगळ्यांनी डोळे मिटले. आणि तेव्हा मला कळलं, की हा खेळ मुलांसाठी नव्हताच. सगळ्यांचे डोळे मिटलेले असले की तिला निवांत चाचपडता येत होतं. उघड्या डोळ्यांची तिथे मी एकटी, दारात, आणि मी तिथे आहे हे ती बहुतेक विसरलीच होती.

तिने मागे हात नेला. फळीवरच्या पहिल्या बाटलीचा गळा बोटाने चाचपला, एकदा गोल, परत एकदा गोल. रबरबँड शोधत होती! ॲसिडला एक, सोड्याला दोन, ही तिची खूण. तिथे काहीच नव्हतं. ती क्षणभर थांबली, आणि मग तिने खांदे उडवले. ॲसिडजवळ रबर कुजतं, तुटला असेल, जागा तर तीच आहे ना, पहिली. हे तिने मला नंतर सांगितलं. तिने बाटली उचलली आणि दोन्ही बीकरमध्ये ओतली.

शांतता.

इतकी शांतता, की बाहेर कोणीतरी झाडत होतं त्याचा आवाज येत होता.

"बाई, काहीच ऐकू येत नाहीये," पहिल्या बाकावरची एक वेणीवाली म्हणाली.

"ॲसिडने संप केलाय," मघाचाच आगाऊ. सगळे हसले. डोळे मात्र मिटलेलेच, शहाणी बाळं.

आत्या बीकरवर वाकून ऐकत होती. तिचं तोंड मला दिसत होतं, आणि ते मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. दगडावर ॲसिड पडलं की फसफस होणारच. होत नाही म्हणजे ते ॲसिड नाही. मग काय आहे? तिने पटकन मागे हात केला, शेजारची बाटली घेतली, उचलली, ओतायला पुढे आणली, आणि तिचा हात हवेतच थांबला.

बाटली जड होती. सारख्या मापाची, पण जवळजवळ दुप्पट जड.

मी ओरडायला हवं होतं का, ओरडले असते तर ती दचकली असती का, हे आजही माझ्या डोक्यात फिरतं. तिने ती बाटली अगदी हळू, आयुष्यात पहिल्यांदाच हळू, खाली ठेवली. आणि म्हणाली, "डोळे उघडा. कोणी जागेवरून हलायचं नाही. वेणीवाली, तू तेवढी ये. ही पहिली बाटली. लेबल मोठ्याने वाच."

"कॉस्टिक सोडा."

"आणि आत्ता खाली ठेवली ती? हात न लावता वाच."

"सल्फ्युरिक ॲसिड... बाई, यावर तीव्र लिहिलंय."

ज्यांना रसायन कधीच झेपलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सोड्याच्या पाण्यात ते ॲसिड भसकन ओतलं असतं, तर इतकी उष्णता निघाली असती, की सगळं उकळून वर उडालं असतं. पहिला बाक टेबलाला अगदी चिकटून होता.

आत्याने टेबलाची कड धरली. मला वाटलं, आता काहीतरी सांगेल, लेबलं बदलली वगैरे. सांगता आलं असतं. कोणाला संशयही आला नसता. तर ती म्हणाली, "मला दिसत नाही रे. बरेच महिने झाले. तुम्हाला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं."



नंतर कळलं ते असं. झाडलोट करणाऱ्या मावशींनी आदल्या दिवशी फळी धुतली, बाटल्या पुसल्या, चिकट झालेले रबरबँड काढून टाकले आणि बाटल्या छान उंचीप्रमाणे लावल्या. बिचाऱ्या रडत होत्या. "बाई, मला वाटलं कचरा आहे!" आत्याने त्यांना जवळ घेतलं. म्हणाली, "तुम्ही स्वच्छता केलीत. आंधळं दळण मीच दळत होते." आणि त्याच दुपारी लॅबची किल्ली मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवून घरी आली. बीकर धुऊन, पालथे घालून, मग.

डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. एवढंच! मी डोक्याला हात लावला. "अगं, हल्ली अर्ध्या तासात होतं ते! माणसं दुसऱ्या दिवशी पेपर वाचतात!"

"भरभर झालेली अभिक्रिया नीटच होते असं कुठे लिहिलंय?"

"आत्या, हे रसायन नाहीये."

"मग काय आहे? डोळा म्हणजे काय, काचेचं दुकान?"

खरं कारण मला माहीत होतं. माझी आजी, तिची आई, डोळ्याच्या ऑपरेशनला चालत गेली आणि एका डोळ्याने कायमची आंधळी होऊन परत आली. फार जुनी गोष्ट. डॉक्टर सांगतात, तेव्हाचं वेगळं, आताचं वेगळं. आत्याला हे सगळं कळतं. पण तेव्हा आईचा हात धरून तिला घरी आणलं होतं ते आत्यानेच.

आता ती घरात येरझाऱ्या घालते. खिडकी उघडते, बंद करते. आवरलेलं कपाट परत आवरते. मी अभ्यासाला बसले की दर थोड्या वेळाने, "चहा हवाय का?" नको म्हटलं की, "बरं," आणि परत येरझारा. मी एकदा चिडून डॉक्टरांची वेळ परस्पर घेऊन टाकली, तर फोन करून रद्द केली तिने. मी म्हटलं, "मी मदतच करतेय ना! मी उत्प्रेरक आहे!" म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवतो तो. तर म्हणते, "उत्प्रेरक स्वतः शांत राहतो, बये. तू नुसता उत्पात आहेस." मग थोड्या वेळाने हळूच, "आणि बघून करायचंय काय आता? लॅब तर गेली."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

मागच्या आठवड्यात स्वयंपाकघरातला दिवा बिघडला म्हणून मी वायरमन बोलावला. चांगला मिशीवाला, टक्कल पडायला लागलेला माणूस. स्टुलावर चढत मला म्हणाला, "मेन बंद करा, ताई." तर आतल्या खोलीतून आत्याचा आवाज, "धार सोडणारा ना रे तू?"

तो माणूस स्टुलावर अवघडला. "बाई?"

"नळी उघडली की याची धार! वर्गात सगळ्यांचा फिकट गुलाबी, याचा सरबताचा रंग!"

"बाई, तुम्ही इथे राहता?" तो उतरलाच. पाया पडू का नको असं करत नुसताच उभा राहिला. मग म्हणाला, "अजून पोराला ओरडतो मी, थेंब, धार नाही. बॅटरीत पाणी भरतो ना तो. म्हणजे शुद्ध पाणी. भसाभसा ओततो, तुमच्या धार सोडणाऱ्याचाच मुलगा."

"आणि बॅटरीतलं ॲसिड कधी बनवायची वेळ आली तर?"

"ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये नाही. जीव गेला तरी नाही."

आत्या इतकी हसली! किती दिवसांनी! मग त्याने विचारलं, शाळेत कसं चाललंय, आणि तिने त्याला खरं सांगितलं. सगळं. बाटली, वेणीवाली, आजी, सगळं. तो ऐकत होता, हातात स्क्रूड्रायव्हर. शेवटी म्हणाला, "बाई, मला पण पोलवर चढायची भीती वाटते. रोज वाटते. चढतो मग." बस, एवढंच. काही मोठं बोलला नाही. दिवा लावला, गेला.

संध्याकाळी आत्या म्हणाली, "त्या डॉक्टरांचा नंबर आहे का गं? नुसतं विचारतेय." मी श्वास रोखून नंबर सांगितला. तिने वेळ घेतली! स्वतः! येत्या सोमवारची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत, "बघू. घाई काय आहे." अजून रद्द केली नाहीये. पण फोन हातात घेते, ठेवते. घेते, ठेवते.

म्हणून मी हे लिहितेय, अक्षरं चुकली असतील तर चुकू देत. माझ्या बोलण्याने काही होत नाही, मी धार आहे. तो वायरमन म्हणजे एक थेंब होता, आणि तेवढ्याने तिने फोन लावला. तुम्ही तिच्या वर्गात बसला असाल, तिने तुम्हाला आगाऊ म्हटलं असेल, कधी बीकर फोडून शिक्षा भोगली असेल, तर जा ना तिच्याकडे. सोमवारच्या आधी. सगळे एकदम जाऊ नका, घाबरेल. आज कोणी, उद्या कोणी. शाळेच्या मागची गल्ली, सायकल दुरुस्तीवाल्याच्या वरचा मजला. बेल वाजवू नका, दारातून हाक मारा, तिला आवाज ओळखायला आवडतं. ऑपरेशनचा विषयही काढू नका, ती स्वतःच काढेल. तुम्ही फक्त बसा थोडा वेळ, चहा घ्या. साखर हवी असेल तर दोन रबरबँडवाली बरणी.