सरूबाईच्या मनगटाचा ताव

माझी थोरली बहीण सरूबाई फुगलेली भाकरी भट्टीतल्या आरावरनं चिमट्याबिगर उचलायची. मी ओरडायचे, "अगं, चिमटा हाय ना तिथं! हात का फुकटचे आलेत?" तर म्हणायची, "मला कुठं लागतंय?" आणि खरंच लागत नव्हतं. जन्मभर तव्यावरची भाकरी उलटून तिच्या बोटांची कातडी इतकी निबर झाली होती, की ताव म्हणजे काय ते त्या बोटांना कळतच नव्हतं. मला त्याचं कौतुक वाटायचं. तेव्हा वाटायचं, म्हणजे.

आम्ही दोघी खुलताबादकडच्या. तिचा नवरा लवकर गेला, पोटी लेकरू नाय. माझे मालक वाळूजला कारखान्यात लागले तेव्हा मी तिला म्हणलं, एकटी काय भिंतीशी बोलत बसतीस, चल आमच्याकडं. बजाजनगरात दोघींनी खानावळ टाकली. पहाटेच्या पाळीवर जाणाऱ्या पोरांचे डबे असायचे. भाजी माझी आणि भाकरी सरूबाईची. एकदा ती आजारी पडली म्हणून मी भाकरी थापली, तर एक मेला म्हणतो, "मावशी, हा कुठल्या जिल्ह्याचा नकाशा?" त्याला मी दोन दिवस वरण पातळ वाढलं.

सरूबाई कशालाच भीत नव्हती. सापाला नाय, दारुड्याला नाय. भ्यायची ती एकाच गोष्टीला, आईसारखी गत होण्याला. आमची आई मनकर्णाबाई. तिची बोटं म्हातारपणी अशी वाकडी झाली, की पाण्याचा तांब्यासुद्धा धरता येईना. सरूबाई तिला घास भरवायची. आई दर घासाला मान खाली घालायची, पोटच्या पोरीला लाजायची. सरूबाई मला म्हणायची, "वच्छला, मला काय बी होऊ दे, पण दुसऱ्यानं घास भरवायची पाळी नको. आईला मी होते. मला कोण हाय?" मी म्हणायचे, मी मेले का? पण बोलून काय उपयोग, ती भीती तिच्या हाडात बसली होती.

एका हिवाळ्यात तिची बोटं सकाळी मिटेनात. परात उचलायला गेली आणि परात खाली. आम्ही एकमेकींकडं बघितलं. दोघींच्या बी मनात आईच आली. भट्टीजवळ बसून थोडं काम झालं, की बोटं मोकळी व्हायची. मग तिच्या मनानं घेतलं की ताव हेच औषध. पीठ मळायच्या आधी ती हात आरावर धरून बसायची.

मग उजवं मनगट सुजलं. आमच्याकडं सूज आली की भाकरी एकाच अंगानं भाजायची, कच्च्या अंगाला तेल-हळद लावायची आणि गरमगरम बांधायची. आईनं आम्हाला तेच केलेलं. सरूबाईनं ती बांधली. सूज वाढली, तर आणखी कडक बांधली. म्हणायची, काट्यानं काटा काढायचा. चटका बसला तरी दात आवळून सोसायची, तिला वाटायचं औषध लागू पडतंय. एक दिवस मी तिचं मनगट धरलं. भाकरी सोडून किती तरी वेळ झाला होता, तरी ते मनगट आतून पेटल्यावाणी गरम होतं. वर कातडीला फोड.

"अगं बये, हे पेटलंय!"

तिनं डाव्या हाताच्या बोटांनी चाचपलं. "कुठं? गारच तर हाय."

डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर यायची. डॉक्टर सांगणार, हात गेला म्हणून, आणि ते तिला ऐकायचं नव्हतं. शेवटी मीच भांडून, रडून तिला शहरात, गुलमंडीच्या मागं उमाताई डॉक्टरणीकडं नेलं. रिक्षात ती उजवा हात पदराखाली झाकून बसली होती.

उमाताईंनी मनगट बघितलं, फोड बघितले. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सरूबाई, हा संधिवात आहे. सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं. त्यातल्या पेशी भडकल्या आहेत, म्हणून सूज येते, म्हणून सांधा गरम लागतो. सांधा नुसता आखडला असेल, तर कोमट शेकानं बरं वाटतं, ते खरं आहे. पण पेटलेल्या सांध्याला वरून आणखी ताव दिला, तर सूज वाढते. आगीत तेल कशाला ओतायचं?" मग सांगितलं, रोज सकाळी हात लावून बघायचं. गार असेल तर कोमट पाण्यात धरा. गरम असेल, तर शेक नाही, भाकरी नाही, भट्टीजवळ फिरकायचं नाही. आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत.

सरूबाईनं एकच विचारलं, "बोटं वाकडी होत्याल का?"

"औषध लवकर सुरू झालं, हे चांगलं झालं. पण शब्द देत नाही मी. पेटलेल्या हातानं काम रेटत राहिलात, तर होतील."

घरी येईस्तोवर ती डाव्या हातानं उजवी बोटं एकेक सरळ करून बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठून मनगट चाचपायची आणि म्हणायची, "गार हाय," की बसली भाकऱ्या थापायला. रोज गारच! मला बरं वाटायचं. पण सूज उतरेना. एका सकाळी तिच्या हातात चहाचा कप देताना माझी बोटं तिच्या मनगटाला लागली, आणि मी कप तसाच खाली ठेवला. मनगट गरम होतं. अगं देवा! जिच्या बोटांना आर कळत नव्हता, तिला मनगटाचा ताव कसा कळणार? ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच गार लागत होतं. आम्ही दोघी अडाणी, आमच्या ध्यानातच आलं नाय.

मग ते काम माझ्याकडं आलं. पहाटे ती हात पुढं करायची आणि मी पालथा हात लावून बघायचे, तापातल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा. कधी गार, कधी गरम. खरं सांगते, मला लई भ्या वाटायचं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहायची आणि मला तिचं तोंड बघवायचं नाय.

त्यात एका सकाळी डबे जास्त होते. कारखान्यात कसलं तरी काम निघालं होतं आणि पोरं दारात उभी होती. सरूबाईनं हात पुढं केला, पण आधीच म्हणाली, "वच्छला, गार हाय म्हण."

मी हात लावला. गरम होता. चांगलाच गरम.

"म्हण ना गं. आजच्या दिवस. तुझी भाकरी खाऊन पोरं दुसरी खानावळ धरत्याल. आणि भाकरी बी नाय जमली, तर मी हाय कशाला?" तिनं डाव्या हातानं माझा पदर धरला होता. तशी ती मला कधीच दिसली नव्हती. माझ्या जिभेवर आलं होतं, गार हाय म्हणून. बाहेर पोरं हाका मारत होती. पण मला आईची मान दिसली, घासाला खाली गेलेली.

"गरम हाय, अक्का."

मला वाटलं, आता शिव्या पडतील. पण तिनं डाव्या हातानं पिठाची काथवट माझ्याकडं सरकवली आणि भट्टीपासून उठून लांब भिंतीला टेकून बसली. "पाणी बेतानं घाल," म्हणाली, "आणि कडा फाटू देऊ नको." डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तोंडानं मला शिकवत होती.

कडा फाटल्या. पोरं हसली. हसू द्या मेल्यांना, डबे तर घेऊन गेले ना?

सगळे गेल्यावर मी तिच्या पुढ्यात ताट ठेवलं. उजवा हात मांडीवर होता, म्हणून मीच भाकरी मोडून घास उचलला. तिनं माझं मनगट धरलं आणि घास परत ताटात ठेवायला लावला. मग डाव्या हाताची बोटं हळूहळू मिटून तिनं माझ्या फाटक्या भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि मान वर ठेवून खाल्ला.

"मीठ कमी हाय," म्हणाली.