रुईच्या पांढऱ्या भिंती

तुम्ही कधी कॉम्प्युटरवर नीट हिशेब करून भूत तयार केलंय का? मी केलंय. तेही पोरीच्या साखरपुड्यात!

मी लोहाऱ्याला लायटिंगच्या एका ऑफिसात काम करते. शिक्षण दहावी, पण तिथलं सॉफ्टवेअर मला छान जमतं. खोलीची मापं आणि भिंतींचा रंग भरला, की दिवे किती नि कुठे लावायचे ते सांगतं, नकाशाही छापून देतं. भिंत पांढरी असली तर उजेड परत फेकते, दिवे कमी लागतात. काळी असली तर उजेड पिऊन टाकते. हे मला तोंडपाठ होतं बरं का.

त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. घाटंजीकडची एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, बंद पडला आणि मालकाने तिथे लग्नाचा हॉल करायचं ठरवलं. मापं घ्यायला मी गेले. भिंती वरपासून खालपर्यंत पांढऱ्याशुभ्र! मी 'पांढरा' भरलं. दिवे निघाले मोजकेच. मालक इतके खूश, की पहिला कार्यक्रम तुमच्या पोरीचा, प्रज्ञाच्या साखरपुड्याचाच करा, भाडं नको म्हणाले.

आता, आम्ही बौद्ध. मंगल कार्याला आमच्या बायका पांढऱ्या साड्या नेसतात. मुलाकडच्याही पांढऱ्यातच आल्या. दिवस मावळला. दिवे लावले.

काय सांगू तुम्हाला! उजेड दिव्यापाशीच थांबला. भिंतींच्या जागी नुसता काळोख, आणि त्या काळोखात साड्या चालत होत्या. चेहरे नाहीत, हात नाहीत. एक साडी वाकून सतरंजी अंथरत होती. दोन साड्या कुजबुजत होत्या. वंदना सुरू झाली, तर प्रत्येक ओळ उंच छपराखालून जराशी उशिरा परत यायची.

मुलाची आत्या अंगठी मुठीत धरून बसली होती. हळूच म्हणाली, "कोण आहे वं तिकडं?"



"आपण भुतंखेतं मानत नाही," आमचे हे ठासून म्हणाले आणि दाराकडे सरकले. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळेच दाराकडे सरकले.

मी मात्र भिंत चाचपायला गेले. हाताला ओला, तेलकट काळेपणा लागला. मालकांना विचारलं, भिंतीचा रंग काहून बदलला?

"रंग कायचा, ताई? काळ्या भिंतीले रुई चिकटून होती. पाहुणे येऊन राह्यले म्हणून कालच धुऊन काढली."

म्हणजे मी रुईलाच रंग समजले होते! मला दरदरून घाम फुटला. तो त्याच हातांनी पुसला. आत्याला सगळं समजावून सांगावं, म्हणून मागून जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमाने म्हणाले, "घाबरू नका, हे मीच केलंय."

आत्या वळली. समोर पांढरी साडी, वर काहीच नाही.

तिच्या किंकाळीसरशी अख्खा हॉल रिकामा झाला. पाहुण्यांची गाडी अंगठीसकट निघून गेली.

प्रज्ञा रडवेली झाली. "आई, माही सोयरीक मोडली का वं आता?"

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

मालकांकडून रुईचं खरं कळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे आमच्या घरी आले, अंगणात भर उन्हात अंगठी घातली, आणि त्याआधी आत्याने मला दोनदा तोंड धुवायला लावलं.