जीपमधला नाच

सातवीत शाळा सोडलेला मी, मोठा झाल्यावर साताऱ्याहून नागपुरात ड्रायव्हरकी करायला आलो होतो. मालकाच्या जुन्या जीपचा तळ गंजला, तेव्हा शहराबाहेरच्या वाडी भागातल्या डेंटरकडून नुसती पुट्टी भरून रंग मारून आणायचा हुकूम झाला.

डेंटर हातोडीने पत्रा ठोकत कान लावायचा. आवाज बद्द आला तिथे त्याने पेचकस आरपार घातला.

"अहो, भोकं पाडू नका. मालक हाकलून देईल मला."

"भोकं पयलेच होते गा. मालक मांगं बसते, खाली पाय तुहेच जातीन."

कुजकं कापून त्याने तेलाच्या पिंपाचा पत्रा जोडला आणि मला त्यावर नाचवलं.

संध्याकाळी, पुट्टीऐवजी पत्रा कापल्याचं कळून मालक तणतणत आला. डेंटरने त्यालाही जीपमध्ये चढवलं. "नाचा, शेठ."

बुटांसकट मालक नाचला. पत्रा हलला नाही, माझी नोकरीही नाही.

अजून कुठल्याही गाडीत बसताना मी आधी पाय आपटून पाहतो.