साहेबांच्या आवाजावरचा निबंध

मॅट्रिक होऊन मी जळगावच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले, तेव्हा स्वातंत्र्याला काही वर्षं झाली होती आणि आमच्या जिल्ह्याला लोक अजून पूर्व खानदेश म्हणत. खातं कुठलं ते सांगत नाही. शेतकऱ्यांना बियाणं पुरवणं हे त्याच्या कामांपैकी एक होतं, एवढं पुरे. कचेरीत मी एकटीच बाई. त्यामुळे माझ्यासाठी पाण्याचा वेगळा माठ होता आणि माझ्यासमोर कोणी शिव्या देत नसे. शिवी द्यायचीच झाली तर माणूस आधी व्हरांड्यात जाऊन यायचा.

साहेब व्हरांड्यात जात नसत, कारण ते शिव्या देत नसत. ते ओरडत. टाकात शाई नाही म्हणून ओरडत, शाई जास्त झाली म्हणूनही ओरडत. त्यांच्या खोलीचं दार बंद असलं तरी बाहेर रस्त्यावरचा टांगेवाला कुणाचं काय चुकलं ते सांगू शकला असता. माणूस मनाने वाईट नव्हता. पट्टेवाल्याच्या मुलीच्या लग्नाला ते सहकुटुंब गेले होते आणि तिथे पंगतीत वाढप्यांवर ओरडले होते.

एक दिवस त्यांनी मला आत बोलावलं. समोर वरून आलेला कागद होता. पूर्व आणि पश्चिम खानदेशातल्या अधिकाऱ्यांचा मेळावा धुळ्याला भरायचा होता, आणि प्रत्येक कचेरीने ‘कार्यालयीन वागणुकीतील एक दोष’ यावर निबंध वाचायचा होता. ऐकीव गोष्टी नकोत, पुराव्यानिशी लिहा, असं त्यात ठळक म्हटलं होतं.

“बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे,” साहेब म्हणाले. “निबंध तुम्ही लिहा, मी वाचीन. विषय ठरवलाय मी. नोकरांचं उशिरा येणं.”

“पण साहेब, आपल्याकडे उशिरा कोणीच येत नाही.”

ही गोष्ट खरी होती. येण्याची कोणाची छातीच नव्हती. साहेबांनी विचार केला. विचार करताना त्यांचा चेहरा फार गोड दिसे.

“मग दुसरा दोष शोधा!” ते एकदम ओरडले. “आपल्या कचेरीत दोषच नाही असं धुळेवाल्यांसमोर सांगून कसं चालेल? हसतील ते!”

मी बाहेर येऊन दोष शोधायला लागले. माझे वडील पहूरला शाळामास्तर. निबंध म्हणजे प्रस्तावना, मुद्दे आणि उपसंहार हे मला घरीच घोटून शिकवलेलं. पण निबंधासाठी पुरावा कसा गोळा करतात हे कोणीच शिकवलं नव्हतं. मनात आलं की विषय शोधायला लांब जायची गरज नाही. तो आतल्या खोलीतून ऐकू येतोच आहे. नाव न घेता लिहिलं तर काय बिघडलं? तेव्हा माझं वय असं होतं की ‘काय बिघडलं’ हा प्रश्न पडला की उत्तराची वाट न बघता मी पुढे जायची.

आधी पट्टेवाल्याला विचारलं. तो धुळ्याकडचा, त्याची भाषा खानदेशी.

“भाऊ, साहेब ओरडतात त्याचा तुम्हाला त्रास होतो का?”

“सायेब वरडतस नहीत, ताई. त्यासना आवाजच तसा शे.”

“पण परवा तुम्हाला केवढ्याने बोलले!”

“मंग? सायेब वरडनात म्हंजे त्यासनी तब्येत बरी शे. चूप बसनात का माले भेव वाटस.”

मग मी हेडक्लार्ककडे गेले. सगळे त्यांना नाना म्हणत. रावेरकडचे, घरी केळीची बाग, नोकरी संपत आलेली. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि दाराकडे बघून घेतलं.

“बाई, पुरावा म्हणजे काय? कोणीतरी सही करायला हवी. साहेब ओरडतात, असं लिहून सही कोण करणार?”

“तुम्ही?”

“माझं पेन्शन व्हायचंय,” असं म्हणून नानांनी जवळची फाईल उघडून डोळ्यांसमोर धरली. फाईल उलटी होती.

अख्ख्या कचेरीत हीच तऱ्हा. जो तो म्हणे, साहेब? छे, छे. एकाने तर साहेबांचा आवाज म्हणजे कचेरीची शान आहे असं मोठ्याने सांगितलं. साहेब नेमके तेव्हाच दारातून जात होते.

तेव्हा मी विचारायची रीत बदलली. साहेबांचं नाव काढायचंच नाही. आवक-जावक बघणाऱ्या कारकुनाला मी सहज म्हटलं, “तुमच्या टेबलाच्या खणात एवढे कागद कशाला साठवलेत हो?”

तो उत्साहाने सांगू लागला. हा कागद सोमवारी नेता येत नाही, कारण सोमवारी साहेबांचं डोकं तापलेलं असतं. हा जेवणाआधी नेता येत नाही. हा वाईट बातमीचा आहे, म्हणून तो एखाद्या चांगल्या बातमीच्या कागदाखाली ठेवून न्यायचा, आणि चांगली बातमी अजून आलेली नाही. मग मी प्रत्येकाला तेच विचारलं. कुठला कागद थांबवलाय आणि कशासाठी? लोक आनंदाने बोलले. साहेबांविषयी बोलायची बंदी होती, पण कागदांविषयी कोण गप्प बसणार! दोन दिवसांपूर्वी उलटी फाईल वाचणारे नानासुद्धा खुर्ची जवळ ओढून बसले आणि त्यांनी सरकीची हकीकत सांगितली.

झालं होतं असं. पेरणीच्या तोंडावर पहूरच्या गुदामात सरकीची पोती येऊन पडली होती. वळवाच्या वादळात गुदामाचे काही पत्रे उडाले. राखणदाराने लगेच लिहून कळवलं. कागद आला त्या दिवशी साहेब शाईवरून ओरडत होते, म्हणून आवक-जावकवाल्याने तो ठेवून दिला. नंतर तो नानांकडे आला. नानांनी योग्य वेळेची वाट पाहिली. योग्य वेळ आली त्या दिवशी साहेब दौऱ्यावर गेले. तोवर पुन्हा सरी पडल्या आणि पोत्यांतल्या सरकीला पोत्यांतच कोंब फुटले. गावोगावचे शेतकरी बैलगाड्या घेऊन आले आणि रिकाम्या गाड्या घेऊन परत गेले. त्या गाड्यांत पहूरच्या आमच्या शेजाऱ्यांचीही गाडी होती. त्या घरच्या काकू पुढे कितीतरी दिवस मला ‘आमची सरकारी बाई’ म्हणून हाक मारायच्या. त्या हाकेत कौतुक नव्हतं.

“मग साहेब काय म्हणाले?” मी विचारलं.

“ओरडले,” नाना म्हणाले. “मला आधी का सांगितलं नाही, म्हणून ओरडले.”

निबंध तिथेच जमला. मी लिहिलं की एका कचेरीतला एक अधिकारी मोठ्या आवाजात बोलतो. त्यामुळे हाताखालचे लोक वेळेवर येतात, मान खाली घालून बसतात, आणि त्याला एकही वाईट बातमी सांगत नाहीत. पुढे एका गुदामाची गोष्ट लिहिली. गावाचं नाव गाळलं, सरकीऐवजी ‘बियाणे’ म्हटलं, राखणदाराऐवजी ‘संबंधित कर्मचारी’. असं केल्यावर ती हकीकत माझी मलाच ओळखू येईना. सरकारी मराठीचा हा मोठाच फायदा आहे.

निबंध साहेबांच्या हातात दिला आणि मी टेबलासमोर उभी राहिले. ते वाचत होते आणि मी माझ्या जागी दुसरं कोण लागेल याचा विचार करत होते. शेवटचं पान संपवून त्यांनी मान वर केली.

“ओळखला मी हा माणूस.”

मी दार किती लांब आहे ते बघून घेतलं.

“धुळ्याचा ना?” ते हसले. “मागच्या बैठकीत केवढ्याने ओरडत होता! नाव घातलं नाहीत ते छान केलंत. आपली संस्कृती सोडायची नाही.”

“नाव कोणाचंच घातलेलं नाही, साहेब,” मी म्हटलं. यातला एक शब्दही खोटा नव्हता.

मेळाव्याला साहेब, नाना आणि मी एस.टी.ने गेलो. पारोळ्यापर्यंत साहेब निबंधाची तालीम करत होते, आणि ड्रायव्हरने मध्येच दोनदा मागे वळून काय झालं म्हणून विचारलं. धुळ्याच्या एका शाळेतला मोठा हॉल होता. समोर सगळे अधिकारी, भिंतीला लागून कारकून, आणि व्यासपीठावर मुंबईहून आलेले वयस्कर अध्यक्ष. आमच्या आधी धुळ्याच्या साहेबांनी ‘पान-तंबाखू व भिंती’ या विषयावर वाचलं. मग आमचे साहेब उठले.

त्यांनी सुंदर वाचलं. ओरडणाऱ्या अधिकाऱ्याचं वर्णन आलं की आवाज असा काही चढवत की पुढच्या रांगेतले दचकत. हॉल हसत होता. मी भिंतीशी उभी राहून बघत होते. धुळ्याचे साहेब आमच्या साहेबांकडे बोट दाखवून शेजाऱ्याच्या कानाशी लागले होते. तो शेजारी धुळ्याच्या साहेबांकडे बघून हसत होता, आणि त्या शेजाऱ्याचा स्वतःचा कारकून आमच्या बाजूला तोंडावर रुमाल धरून थरथरत होता. प्रत्येकाला तो अधिकारी ओळखीचा वाटत होता आणि प्रत्येकाच्या मते तो दुसऱ्या खुर्चीवर बसला होता.

टाळ्या झाल्यावर अध्यक्षांनी हात वर केला.

“निबंध उत्तम आहे. पण आम्ही पुरावा मागितला होता. हे गुदाम कुठलं?”

साहेबांना याची कल्पनाच नव्हती. पण ते डगमगले नाहीत. त्यांनी वळून मला मोठ्या आत्मविश्वासाने हाक मारली, “सांगा हो बाई! पुरावा पक्का आहे आपला. कुठलं गुदाम?”

मी नानांकडे पाहिलं. नाना छताच्या तुळया बघत होते. खोटं नाव सांगावं असं मनात आलं. साक्री म्हणावं, लांबचा तालुका आहे. पण साक्रीचा माणूस पुढेच बसला होता, आणि त्याने काय म्हणून ऐकून घ्यायचं?

“पहूरचं, साहेब,” मी म्हटलं. “सरकीचं.”

पहूर हे नाव साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरलं. आधी हसू तसंच राहिलं, मग भुवया खाली आल्या, मग हातातले कागद. हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. आता ते ओरडतील, आणि ओरडले तर माझा निबंध सिद्ध होईल, एवढंच मला सुचत होतं.

“म्हणजे जळगावच्याच हद्दीतलं?” अध्यक्षांनी विचारलं.

साहेबांनी कागदांची घडी घातली. मग, मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, ते म्हणाले, “होय. आमचंच.”

अध्यक्ष उठून उभे राहिले. स्वतःचा दोष चारचौघांत वाचून दाखवणारा अधिकारी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहतो आहे, असं म्हणून त्यांनी साहेबांना आपल्या गळ्यातला हार घातला. सगळा हॉल उभा राहिला. धुळ्याचे साहेब सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते, बहुधा सुटकेने. आमचे साहेब हार घालून उभे होते, आणि पकडल्या गेलेल्या माणसाला हार घातला की तो जसा दिसेल तसेच दिसत होते.

परतीच्या एस.टी.त हार साहेबांच्या मांडीवर होता. एरंडोल मागे पडल्यावर ते एकदम माझ्याकडे वळले.

“बाई, मी खरंच इतका ओरडतो?”

कंडक्टरने घंटी मारून गाडी थांबवली. त्याला वाटलं कोणाला उतरायचंय.

“हो, साहेब,” मी म्हटलं.

“आणि नाना, तो पत्र्यांचा कागद तुमच्याकडे होता?”

नानांनी मान हलवली. “होता. तुम्हाला द्यायची हिंमत झाली नाही, साहेब.” नानांनी हे सही न करता का होईना, पण सांगितलं.

साहेबांनी खिडकीबाहेर तोंड केलं. जळगाव येईपर्यंत त्यांनी ते आत घेतलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून साहेब हळू बोलू लागले. कचेरीची दाणादाण उडाली. ते हळू काय म्हणाले ते कोणाला ऐकू येईना, आणि पुन्हा विचारायची सवय कोणालाच नव्हती. पट्टेवाला माझ्याजवळ येऊन काळजीने म्हणाला, “ताई, सायेबले काय व्हयनं? डॉक्टरले बलावू का?” पण थोड्या दिवसांनी आवक-जावकवाल्याने धीर केला. त्याने खण रिकामा केला आणि सगळे वाईट कागद एकदम आत नेले. आम्ही बाहेर कान लावून बसलो. साहेबांनी एकेक कागद वाचला. मग ते उठले, आमच्यामधून चालत मागच्या अंगणात गेले आणि निंबाच्या झाडासमोर उभे राहून मनसोक्त ओरडले. परत आत आले, बसले आणि सगळ्या कागदांवर सह्या केल्या. पुढे तो रोजचाच रिवाज झाला. शेजारच्या कचेरीने तक्रार केली, पण काम होत होतं, आणि पुढच्या पेरणीला पहूरला सरकी कोरडी मिळाली.

निबंध वरच्या कचेरीने छापून दोन्ही जिल्ह्यांत वाटला. त्यावर साहेबांचं नाव होतं, आणि त्या एका निबंधावर त्यांना बढती मिळाली. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला बोलावून एक प्रत दिली. पहिल्या पानावर आपलं नाव खोडून त्यांनी माझं नाव शाईने लिहिलं होतं. ती प्रत मी फक्त माझ्या वडिलांना दाखवली. त्यांनी ती वाचून शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या.

त्यानंतर आलेले साहेब अतिशय मृदू होते. कुठलीही वाईट बातमी सांगा, ते “बघू” म्हणत आणि कागद टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवत. ती बाजू वाढत वाढत खिडकीला लागली. नाना एक दिवस माझ्याजवळ येऊन उभे राहिले, त्या ढिगाकडे बघत.

“नाना, यावर लिहू का?” मी विचारलं.

“लिहा,” ते म्हणाले. “पण पेन्शनचा माझा कागद त्या ढिगात आहे. तो आधी निघू द्या.”