चाळीस पिवळ्या पेट्या

‘‘चाळीसच्या चाळीस पेट्या पिवळ्या!’’ टंडन साहेबांनी फॅक्सचा कागद माझ्यापुढे आपटला. ‘‘क्वालिटी कौन देख रहा था?’’

क्वालिटी मी बघत होते. मी आणि श्रीवास्तव. पण श्रीवास्तव त्या वेळी नेहमीप्रमाणे जागेवर नव्हता.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. बाबा लखनऊला बँकेत होते. मला जवळच्याच मलिहाबादच्या एका पॅकहाऊसमध्ये आंब्याच्या सीझनपुरती नोकरी लागली होती. पॅकहाऊस म्हणजे बागेतून आलेला माल निवडून, धुऊन, खोक्यांत भरायची शेड. कंपनी त्या वर्षी पहिल्यांदाच दशहरी आंबा दुबईला पाठवणार होती. सीझन संपला की आम्हा दोघांपैकी एकाला लखनऊजवळच्या चिनहटच्या फॅक्टरीत, लॅबमध्ये पर्मनंट घेणार होते. बाबांची नागपूरला बदली झालेली होती. नोकरी मिळाली तर मी हॉस्टेलवर राहणार, नाही मिळाली तर नागपूरला जाऊन कांदेपोह्यांचे कार्यक्रम, असा आईचा सरळ हिशेब होता. त्यामुळे मला ती नोकरी हवी होती. फार हवी होती.

परदेशी जाणारा माल हिरवा आणि कडक जावा लागतो. जहाजाच्या प्रवासात तो हळूहळू तयार होतो. म्हणून आंबा आतून तयार पण बाहेरून कच्चा, असा नेमका पकडायचा. त्याची सोपी चाचणी म्हणजे आंबा पाण्याच्या टबात टाकायचा. बुडला तर घ्यायचा, तरंगला तर कोवळा म्हणून बाजूला. देठ बोटभर ठेवून कापायचा, नाहीतर चीक सालीवर ओघळून काळे डाग पडतात. हे सगळं मी एका चार्टवर सुवाच्य इंग्रजीत लिहून भिंतीला लावलं होतं. तो चार्ट वाचू शकणारी शेडमध्ये तीनच माणसं होती. त्यांतला एक श्रीवास्तव, आणि तो वाचत नव्हता.

माझं खरं भांडण होतं मुन्ने चाचांशी. ते हेडपॅकर. तीस-एक वर्षं मलिहाबादच्या पेट्या भरलेला माणूस. खोक्यातला आंबा माझ्या काट्यावर पाच किलो भरला की खोकं त्यांच्याकडे जायचं. ते वर कागदाच्या कातरणी पसरायचे, झाकण लावायचे, टेप मारायचे. खोकं बंद करायचं काम दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मी म्हणायचे, ‘‘चाचा, डंठल छोटा मत काटिए.’’ ते म्हणायचे, ‘‘बिटिया, आपकी पैदाइश से पहले से काट रहे हैं.’’ आणि आखूड कापायचे. तीन आठवडे रोज हेच. नाकी नऊ आणले होते त्यांनी.

तर मुंबईला पाठवलेल्या ट्रायलच्या चाळीस पेट्या पाचव्या दिवशी उघडल्या, तेव्हा सगळा माल पिवळाधमक आणि मऊ. पुढच्या सोमवारी दोनशे पेट्या जहाजासाठी रवाना व्हायच्या होत्या.

‘‘वजह चाहिए. लिख के,’’ टंडन साहेब म्हणाले.

माझ्या डोक्यात एकच शब्द आला, कार्बाइड. खड्यांसारखी पावडर असते. तिची पुडी पेटीत ठेवली की गॅस सुटतो आणि कच्चा आंबा दोन दिवसांत पिवळा होतो. त्याला बंदी आहे, तरी मंडीत सर्रास चालतं. म्हणजे हे काम पॅकरांचंच, आणि पॅकर म्हणजे मुन्ने चाचा. पुरावा काडीचा नव्हता. पण देठांचा राग होता ना!

मी शेडची झडती घेतली. चाचांची पिशवी उघडायला लावली. टिफिन, विड्यांचं बंडल, चष्म्याची डबी. त्यांच्या बाकाखाली झाडावर पिकलेल्या आंब्यांची टोपली होती. ती खायची असणार म्हणून मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चाचांनी पिशवी बांधली आणि ते कामाला लागले.

‘‘लिख दो कार्बाइड, छुट्टी करो,’’ श्रीवास्तव आंब्याची कोय चोखत म्हणाला. ‘‘क्यों टेंशन लेती हो यार?’’

मी लिहिलं. ‘कार्बाइडचा वापर झाल्याचा दाट संशय.’ खाली माझी सही. श्रीवास्तवनं सही केली नाही. पेन सापडत नव्हतं म्हणे.

दोनशे पेट्यांच्या दिवशी मी सकाळपासून पॅकिंगच्या टेबलाशी उभी होते. प्रत्येक खोकं चाचांच्या बाकाकडे जाण्याआधी माझ्या डोळ्यांखालून गेलं. एकही पुडी नाही. एकशे साठ पेट्या बंद झाल्या. ट्रक संध्याकाळी सहाला निघणार होता. कागदपत्रांत बंद पेटीचं एकूण वजन लिहायचं असतं. ट्रायलच्या वेळी ते काम श्रीवास्तवकडे होतं. या वेळी मी स्वतः एक बंद पेटी काट्यावर ठेवली.

पाच किलो आंबा, सहाशे ग्रॅम खोकं आणि कातरणी. काटा दाखवत होता पाच किलो आठशे.

दुसरी ठेवली. पाच आठशे दहा. तिसरी, पाच सातशे नव्वद. मी श्रीवास्तववर ओरडले, ‘‘पिछली बार कितना आया था?’’

‘‘तौला किसने था? जोड़ के लिख दिया था. पाँच प्लस पॉइंट सिक्स.’’

मी टेप फाडली, झाकण उघडलं. कातरणींच्या मधोमध, अगदी नवरदेवासारखा, एक पिवळाजर्द पिकलेला दशहरी बसला होता.

इथे थोडं शास्त्र. पिकलेला आंबा एक वायू सोडतो, इथिलीन. बंद खोक्यात असा एक आंबा ठेवला की तो बाकी सगळ्यांना पिकवतो. कार्बाइडची गरजच नाही. म्हणजे मी इतके दिवस साप साप म्हणून भुई धोपटत होते.

‘‘चाचा, ये क्या है?’’

‘‘चखने का दाना,’’ ते शांतपणे म्हणाले. ‘‘डाल का पका है. हमारी पेटी जो खोले, पहले एक दाना चख ले, तब आगे बात हो. वालिद साहब के ज़माने से रखते आए हैं. कच्ची पेटी किसी के हाथ में कैसे दे दें? बेअदबी है.’’

मी श्रीवास्तवकडे वळले. ‘‘तुम्हें मालूम था?’’

‘‘सबको मालूम है. मैं तो रोज़ उसी टोकरी से खाता हूँ. तुमने पूछा कब?’’

तळपायाची आग मस्तकात गेली. तीन आठवडे हा माणूस ती टोपली रिकामी करत होता. चाळीस पेट्या पिवळ्या झाल्या, झडती झाली, रिपोर्ट गेला, तरी याला तोंड उघडावंसं वाटलं नाही.

‘‘चाचा, एक पका आम सबको पका देता है!’’ मी जवळजवळ किंचाळले.

‘‘ये हमें बता रही हैं?’’ चाचा पहिल्यांदाच हसले. ‘‘दिल्ली एक रात का रास्ता है, बंबई दो-तीन दिन का. पहुँचते-पहुँचते माल तैयार. इसीलिए तो रखते हैं.’’

‘‘ये बंबई के लिए नहीं है. दुबई जा रहा है. पानी के जहाज़ से. कितने ही दिन लगेंगे.’’

चाचांचा टेप धरलेला हात थांबला. त्यांनी शेडमधल्या सगळ्यांकडे एकवार पाहिलं. ‘‘जहाज़ से?’’ ते म्हणाले. ‘‘ये बात आज बता रही हैं?’’

पाण्यात बुडणारा आंबा, देठाची लांबी, चीक, सगळं मी सांगितलं होतं. माल जातो कुठे, हे पेटी बंद करणाऱ्याला कुणीच सांगितलं नव्हतं. मी नाही, टंडन साहेबांनी नाही, श्रीवास्तवचा तर प्रश्नच नाही.

पुढचं सगळं चाचांनी केलं. दोन हाका मारल्या, अख्खी शेड कामाला बसली. एकशे साठ पेट्या उघडल्या, पिकलेले आंबे काढले, पुन्हा टेप लावली. ट्रक वेळेवर निघाला. माल दुबईला हिरवा पोचला.

मी टंडन साहेबांकडून माझा रिपोर्ट परत मागून घेतला आणि फाडला. चाचांची सगळ्यांसमोर माफी मागितली. ‘‘कोई बात नहीं,’’ ते म्हणाले, ‘‘मैडम.’’ त्यानंतर सीझनभर देठ बरोबर बोटभर येत होते, आणि मी ‘मैडम’च राहिले. पुन्हा एकदा ‘बिटिया’ ऐकायला मी देठांवरचं भांडणही परत घ्यायला तयार होते.

चिनहटची नोकरी श्रीवास्तवला मिळाली. टंडन साहेबांनी कारण स्पष्ट सांगितलं, ‘‘लेबर से उसकी बनती है. तुम तलाशी लेती हो.’’ मी घरी येऊन ढसाढसा रडले. रडायचं मुख्य कारण हे, की साहेबांचं दुसरं वाक्य खोटं नव्हतं.

नागपूरला गेले. पोह्यांतून निसटून एका फूड कंपनीत लागले आणि आयुष्यभर क्वालिटीतच राहिले. आजही नव्या प्लँटवर गेले की आधी शेवटची टेप लावणाऱ्या माणसाकडे जाते. माल कुठे चाललाय ते त्याला सांगते, आणि तो त्यात आपल्या मनानं काय घालतो ते विचारते. दर वेळी काहीतरी निघतंच. आणि दर वेळी जवळ उभा असलेला कुणीतरी म्हणतो, हे तर सगळ्यांना माहीत आहे.