स्थापनेच्या पुस्तिकेतलं अकरावं पान

इतिहास लिहिणाऱ्याच्या खांद्यावर शतकांचं ओझं असतं. माझ्या खांद्यावर चोवीस पानांची पुस्तिका होती, आणि तीही मला पेलली नाही. हे मी घरीसुद्धा बोललेलो नाही — तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

नव्वदच्या दशकात मी दुबईत एका जुन्या ब्रिटिश बँकेत होतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनच्या काही व्यापाऱ्यांनी ती पूर्वेकडच्या धंद्यासाठी काढलेली. वर्धापनदिन आला आणि स्थापनेची कथा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं — का, तर माझं इंग्रजी बरं. लंडनहून आलेल्या कागदांत अफू फार होती. मी ‘विविध माल’ असं लिहिलं. मॅनेजर खूश. पण कबुली द्यायची आहे ती याची नाही.

दाऊदचाचा आमच्याकडे चहा करायचे. मूळचे दापोलीकडचे. खाडीकाठी भाड्याच्या घरात आमची शाखा उघडली, तेव्हा बोटीतून तिजोरी उतरवणाऱ्या चौघांत ते होते. संस्थापकांचं म्हणाल, तर मला प्रत्यक्ष भेटलेला तेवढा एकच.

“साहेब, त्या पुस्तकात माझं नाव येईल ना?” त्यांनी विचारलं. “आता रिटायर होऊन गावी चाललो. इतकी वर्षं दुबईत काय केलंस, विचारतात. चहा केला म्हणून सांगू?”

मी लिहिलंही — अख्खा परिच्छेद, नावासकट. मग प्रूफ आलं. डाव्या पानावर झुपकेदार मिशांचे सर आणि लॉर्ड, उजवीकडे दाऊद. मॅनेजर हसेल, असं मला वाटलं. तो हसला नव्हता. त्याने प्रूफ पाहिलंही नव्हतं. तरी मीच तो परिच्छेद काढला आणि ‘निष्ठावान स्थानिक कर्मचारी’ एवढं घातलं. स्थानिक — दापोलीचे! भित्रेपणाला वरून हुकूम यावा लागतोच कुठे?

पुस्तिका छापून आली. चाचा पँट्रीतून हात पुसत आले. त्यांना उर्दू वाचता यायचं, इंग्रजी नाही.

“कुठल्या पानावर, साहेब?”

तेव्हा तरी खरं सांगायला काय झालं होतं? मी म्हणालो, “अकरा.”

“वाचा ना जरा.”

आणि मी वाचलं. त्या ओळीवर बोट ठेवून, मोठ्याने, इंग्रजीत — नाव, गाव, तिजोरी, बोट, सगळं. जे तिथे नव्हतं ते. मग मराठीत अर्थही सांगितला. ते मान खाली घालून ऐकत होते, आणि मी — काय सांगू — मी आवाजात थोडा भावही आणला.

“खलास,” चाचा म्हणाले. “आता विचारू दे कोण विचारतो ते.” त्यांनी पंधरा प्रती मागितल्या. मीच त्या सुतळीने बांधून दिल्या.

पुढच्या शुक्रवारी ते कायमचे गावी गेले. त्यांचे थोरले जावई तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत.