अण्णांचा वन्स मोअर

चाललेल्या नाटकाचे किस्से फारसे नसतात, लोक येतात आणि टाळ्या वाजवून जातात. पडलेल्या नाटकाचं मात्र दर प्रयोगाला काहीतरी साठत जातं. आमच्या संगीत नाटकानं मला या बाबतीत कधीच रिकाम्या हातानं घरी पाठवलं नाही.

नाटक अण्णांचं. अण्णा मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी. राजा तेच, निर्मातेही तेच. मी डाव्या विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करतो. त्यांची इच्छा एकच होती : आयुष्यात एकदा वन्स मोअर मिळावा. तालमीत त्यांनी आम्हाला नियमच घालून दिला होता. "वन्स मोअर आला की तिथंच द्यायचा. आणि पहिल्यापासून. अर्ध्यातनं न्हाई!"

नाटकाचं सिंहासन त्यांच्या हॉलमध्ये असायचं आणि सोफा गॅलरीत. वहिनींनी एकदा विचारलं, "हे कवा संपायचं?" अण्णा म्हणाले, "एक वन्स मोअर मिळू दे. त्याच दिवशी बंद."

* * *

पहिला प्रयोग कोल्हापुरातच झाला. अण्णांनी तान घेतली की मागच्या रांगा उठून चहाला जायच्या आणि पद संपल्याचा अंदाज घेऊन परत यायच्या. पदं भरपूर होती.

प्रयोगानंतर मी बाहेर चहा प्यायला गेलो. चहावाल्यानं माझे पैसेच घेतले नाहीत.

"एवढी वर्षं हितं गाडी लावतोय," तो म्हणाला. "असलं झकास नाटक न्हाई बघितलं. सारखं मध्यंतर!"

* * *

गडहिंग्लजला दरबाराचा प्रवेश ऐन रंगात आला असताना संयोजक माईक घेऊन स्टेजवर आले. प्रमुख पाहुण्यांना पुढं एका लग्नाला जायचं होतं, त्यामुळं सत्कार आत्ताच उरकायचा होता.

पाहुणे वर आले. स्टेजवर खुर्ची एकच होती, ती म्हणजे सिंहासन. पाहुणे तिच्यावर बसले. शाल झाली, नारळ झाला, भाषणही झालं. अण्णा शेजारी हात जोडून उभे.

"चला साहेब, लग्नाला उशीर होईल," संयोजक म्हणाले.

पाहुणे म्हणाले, "असू दे. हितनं झ्याक दिसतंय की!"

तो सगळा प्रवेश आमच्या राजानं उभ्यानं केला. प्रधानाचं काम करणाऱ्याचा गोंधळ झाला आणि त्यानं मुजरा सिंहासनाला केला. पाहुण्यांनी बसल्या जागेवरून आशीर्वाद दिला. तेवढ्यालाच टाळी पडली.

* * *

आमचा खलनायक म्हणजे अण्णांचे जावई, रणजितराव. वारणानगरला नोकरी करतात. गृहस्थ फार सालस. नाटकात ते राजाला कैद करतात आणि भर दरबारात थोबाडीत मारतात. ही थोबाडीत काही केल्या बसत नव्हती. त्यांचा हात सासऱ्याच्या गालाजवळ गेला की आपोआप मऊ व्हायचा.

जयसिंगपूरला पुढच्या रांगेतून एकजण ओरडला, "ओ पावणं, मारताय का पावडर लावताय?"

प्रयोग संपल्यावर अण्णा भडकले. "रणजितराव, स्टेजवर मी राजा हाय. सासरा न्हाय!"

"व्हय मामा," जावई खाली बघत म्हणाले, "पण जेवायला तुमच्याच घरी जायचंय की."

* * *

एका प्रयोगाला तिकिटं खपेनात म्हणून अण्णांनी यार्डात फुकट पास वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारे गृहस्थ पास घेऊन दुकानात हजर.

"हे परत घ्या."

अण्णा म्हणाले, "मामा, फुकट होता की तो!"

"म्हणून तर आणलाय. घरात पडून राहिला तर पोरं यायची बघायला."

* * *

वहिनी प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर असायच्या. मांडीवर अण्णांसाठी गरम पाण्याचा थर्मास. नाटक सुरू होण्यापासून संपेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर काही हलायचं नाही.

अण्णांची अवस्था बघवेना तेव्हा मीच एकदा त्यांना गाठलं.

"वहिनी, तुम्हीच ओरडा की एखाद्या पदाला वन्स मोअर. अंधारात कोण बघतंय? अण्णांना बरं वाटंल, आणि तुमचा सोफाबी घरात येईल."

वहिनींनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. "भावजी, आवडलं तर मागीन. खोटं न्हाई मागायची."

* * *

त्यानंतरचा प्रयोग पुन्हा कोल्हापुरात होता. हॉल निम्मा भरला होता, म्हणजे आमच्या मानानं गर्दीच. पहिल्या अंकातली पदं गेली, दुसऱ्या अंकातली गेली. कुणी हूं की चूं केलं नाही. तिसऱ्या अंकाआधी अण्णा विंगेत माझ्या शेजारी येऊन बसले. मुकुट मांडीवर.

जावई समोर आले तसे अण्णा म्हणाले, "रणजितराव, एक सांगू? गाण्याचं जाऊ दे. निदान थोबाडीत तरी आज मनापासून मारा. तुम्हाला माझी शपथ."

जावई सालस. शपथ मोडणारे नव्हेत.

दरबार भरला. कैदेतल्या राजानं मान ताठ ठेवून पद म्हटलं. खलनायकाचं वाक्य झालं, आणि थोबाडीत अशी बसली की मुकुट उडून ऑर्गनवर पडला. ऑर्गनमधून एक सूर निघाला आणि थांबला. हॉलमध्ये कुणाच्या हातातला चुरमुऱ्याचा कागदसुद्धा वाजेना.

त्या शांततेत पहिल्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला.

"वन्स मोअर!"

मी वाकून बघितलं. वहिनी उभ्या होत्या. थर्मास काखेत, दोन्ही हात टाळ्या वाजवायला मोकळे.

मग मागच्या रांगा उठल्या. "वन्स मोअर! वन्स मोअर!" चहाला गेलेले लोकही धावत आत आले.

रणजितरावांनी घाबरून माझ्याकडं बघितलं. मी अण्णांकडं बघितलं. अण्णा पहिल्या रांगेकडं बघत होते. मग त्यांनी ऑर्गनवरचा मुकुट उचलला, डोक्यावर नीट बसवला आणि दोन पावलं मागं येऊन आपल्या जागेवर उभे राहिले.

"घ्या रणजितराव," ते म्हणाले. "पहिल्यापासून. अर्ध्यातनं न्हाई."